आरपी, स्टारगार्ट आणि अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या: बाटली उघडण्याआधी काय बघायचं

माझ्या धाकट्या भावाला आरपी आहे, म्हणजे रेटिनायटिस पिगमेंटोसा. डोळ्याच्या आतला प्रकाश टिपणारा पडदा, म्हणजे रेटिना, हळूहळू निकामी करणारा हा आनुवंशिक आजार. निदान झालं तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. पुढच्या वर्षभरात सांगलीच्या आमच्या घरी, फ्रिजवरच्या ट्रेमध्ये गोळ्यांच्या सात बाटल्या गोळा झाल्या. एक आत्यानं पाठवलेली, एक पुण्याच्या चुलतभावानं ऑनलाइन मागवलेली, दोन मेडिकलवाल्यानं 'डोळ्यांसाठी उत्तम' म्हणून दिलेल्या. बाकीच्या कुठून आल्या ते कुणालाच आठवेना. एका रविवारी मी त्या सगळ्या जेवणाच्या टेबलावर मांडल्या आणि भिंग नि वही घेऊन बसले. बाटलीमागच्या बारीक छपाईतला एकेक घटक वहीत उतरवला. व्हिटॅमिन ए चार बाटल्यांत निघालं. व्हिटॅमिन ई दोन बाटल्यांत, आणि दोन्हींत ४०० युनिट. भाऊ समोर बसून ऐकत होता. म्हणाला, "ताई, मी वर्षभर हे सगळं नेमानं घेतलंय. एक दिवस चुकवला नाही."

त्या वाक्यानं माझी झोप उडाली. ज्या घरात नुकतंच असं निदान झालंय त्या घरासाठी मी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. कुठली गोळी घ्या हे मी सांगणार नाही, ते तुमच्या रेटिनाच्या डॉक्टरांनीच सांगायचं. पण त्यांच्यासमोर बसण्याआधी घरी काय शोधायचं, काय लिहून न्यायचं आणि कशाला हात लावायचा नाही, एवढं क्रमानं सांगते.

आधी गाजराचं बोलू

रात्री दिसत नाही म्हटलं की आपल्याकडे पहिला सल्ला गाजराचा. मग शेवग्याचा पाला, मग पपई. हा सल्ला आकाशातून पडलेला नाही. व्हिटॅमिन ए कमी पडलं की रातांधळेपणा येतो हे खरं आहे, आणि आपल्याकडे लहान मुलांना पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी ए व्हिटॅमिनचा डोस पाजतात तो त्याचसाठी. अंधारात बघायला लागणारं रंगद्रव्य डोळा ए व्हिटॅमिनपासून बनवतो. ही साखळी उलगडणाऱ्या जॉर्ज वॉल्ड यांना १९६७ चं नोबेल मिळालं.

पण तो रातांधळेपणा वेगळा आणि आरपीतला वेगळा. पहिल्यात कच्चा माल संपलेला असतो, तो पुरवला की डोळा पुन्हा कामाला लागतो. दुसऱ्यात कच्चा माल भरपूर असतो, पण तो वापरणाऱ्या पेशीच जनुकातल्या बिघाडामुळे एकेक करून मरत असतात. तिथे गाजराची पोती रिकामी केली तरी गेलेली पेशी परत येत नाही. हा फरक घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः थोरल्यांना, एकदा शांतपणे समजावून सांगा. नाहीतर रुग्णाच्या ताटात रोज गाजर पडतं आणि "नीट खात नाहीस म्हणून वाढलं" हे ऐकून घ्यावं लागतं ते वेगळंच. माझ्या भावानं ते वर्षभर ऐकलंय.

हा आजार वाटतो तितका विरळाही नाही. जगभरात साधारण चार हजारांमागे एकाला आरपी असतो असं मानतात. नागपूरकडच्या खेड्यांत झालेल्या एका पाहणीत तर हे प्रमाण साडेसातशेमागे एक इतकं आढळलं होतं.

अँटिऑक्सिडंटचा संबंध येतो कुठून

हे समजून घेतलं तर जाहिरातीतलं खरं किती आणि ताणलेलं किती ते आपलं आपल्याला कळतं.

प्रकाश टिपणाऱ्या पेशी दोन तऱ्हेच्या. शाळेच्या पुस्तकात दंडाकार आणि शंक्वाकार, डॉक्टरांच्या तोंडी रॉड आणि कोन. रॉड एका डोळ्यात सुमारे १२ कोटी, कोन ६० लाखांच्या आसपास. अंधुक उजेडात आणि कडेचं बघायचं काम रॉडचं. वाचणं, चेहरे ओळखणं, रंग हे सगळं कोनवर. बहुतेक आरपीमध्ये सदोष जनुकाचं काम रॉडमध्ये असतं, म्हणून आधी रॉड मरतात. रात्री चाचपडायला होतं, कडेचं दिसेनासं होतं. पण पुढे कोनही मरतात, आणि त्यांच्यात तर अनेकदा काहीच दोष नसतो. मग ते का मरतात?

याचं एक उत्तर अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले डॉ. पीटर कँपोकियारो आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षं मांडत आले आहेत. रॉड प्राणवायू प्रचंड वापरतात. ते गेले तरी रेटिनामागच्या रक्तवाहिन्यांतून प्राणवायू पूर्वीइतकाच येत राहतो, कारण तिथला पुरवठा मागणी बघून कमी होत नाही. बारा माणसांच्या घरातली दहा माणसं परगावी गेली तरी दूधवाला रोज तेवढंच दूध घालतोय आणि ते पडून नासतंय, तसं हे. जास्तीच्या प्राणवायूतून घातक कण तयार होतात आणि उरलेल्या कोनना हळूहळू जाळतात. या जळण्याला आवर घालणारा पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट.

म्हणजे कल्पनेला पाया आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांत तिला आधारही मिळालाय. पण 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द बाटलीवर छापलेला असला म्हणून आतली गोळी रेटिनापर्यंत पुरेशी पोचते आणि तिथे कामाला येते, हे त्यातून सिद्ध होत नाही. काही बाबतींत उलटंही होतं.

पहिली पायरी: जनुकाचं नाव

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, म्हणून इथे थोडं थांबते.

'रेटिनाचा आनुवंशिक आजार' हे एकाच आजाराचं नाव नाही. अडीचशेहून जास्त जनुकांतल्या बिघाडांमुळे असे आजार होतात आणि एका जनुकाच्या माणसाला जी गोळी चालते ती दुसऱ्याला अपाय करू शकते. म्हणून फाइलवर फक्त 'रेटिनल डिस्ट्रॉफी' किंवा 'आरपी' लिहिलं असेल तर डॉक्टरांना विचारा: जनुकाची तपासणी करता येईल का? रक्ताचा किंवा लाळेचा नमुना लागतो. चेन्नईचं शंकर नेत्रालय, हैदराबादची एल. व्ही. प्रसाद आय इन्स्टिट्यूट, मदुराईचं अरविंद अशा मोठ्या संस्थांत या आजारांवर काम चालतं. जवळच्या शहरातले रेटिनातज्ज्ञही नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतात. अहवाल यायला आठवडे लागतात आणि खर्चही होतो. पण बाटल्यांवर वर्षानुवर्षं पैसे घालवण्याआधी तो करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

भावाच्या अहवालात यूएसएच२ए हे जनुक आलं. या जनुकात कधी नुसता आरपी होतो, कधी त्यासोबत ऐकूही कमी येतं. त्यामुळे डॉक्टरांनी लगेच कानांची तपासणी करायला लावली. ही गोष्ट कुठल्या बाटलीनं सांगितली असती?

आता तीन परिस्थिती बघा, म्हणजे मी जनुकाचं इतकं का घोकते ते कळेल.

स्टारगार्ट हा मध्यभागाची नजर नेणारा आजार, बहुतेकदा एबीसीए४ या जनुकाचा. यात व्हिटॅमिन ए वापरून झाल्यावर उरणारा गाळ साफ होत नाही, तो रेटिनाखालच्या थरात साचतो आणि पेशी मारतो. अशा माणसानं ए व्हिटॅमिनची गोळी घेणं म्हणजे साचणाऱ्या गाळात भर. डॉक्टर स्टारगार्टमध्ये ए व्हिटॅमिनचे पूरक डोस टाळायला सांगतात ते यासाठी. गाजर, पालक, आंबा खायला अडचण नाही, कारण भाजी-फळांतल्या बीटा कॅरोटीनचं ए मध्ये रूपांतर शरीर गरजेपुरतंच करतं. गोळी, कॉड लिव्हर ऑइल आणि वरचेवर कलेजी, हे मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मूल लहान असेल आणि डोस पाजण्याची मोहीम आली, तर तेही आपल्या मनानं ठरवू नका, बालरोगतज्ज्ञ आणि रेटिनाचे डॉक्टर दोघांना विचारा.

दुसरी परिस्थिती उलटी. आरपीसारखेच दिसणारे मोजके आजार असे आहेत की त्यांत योग्य व्हिटॅमिन किंवा पथ्य हाच खरा उपचार. एकात जनुकदोषामुळे शरीराला ई व्हिटॅमिन टिकवूनच धरता येत नाही. चालताना तोल जातो, हातापायांचा ताळमेळ बिघडतो आणि सोबत रेटिनाही जातो. तिथे ई व्हिटॅमिनचे मोठे डोस आयुष्यभर द्यावे लागतात. अबीटालायपोप्रोटिनेमियामध्ये चरबी पचून रक्तात जात नाही, म्हणून ए आणि ई दोन्ही द्यावी लागतात. रेफसमच्या आजारात फायटॅनिक आम्ल साचतं. ते दुधातल्या चरबीतून, म्हणजे तूप-लोणी-सायीतून, आणि मटणासारख्या मांसातून येतं, म्हणून तिथे पथ्य हेच औषध. वास न येणं, पायांना मुंग्या, त्वचा खवल्यांसारखी कोरडी होणं ही त्याची सोबतची लक्षणं. गायरेट ॲट्रोफीत ऑर्निथिन वाढतं, प्रथिनं मोजून खावी लागतात आणि काही जणांना बी६ चा उपयोग होतो. हे सगळे आजार विरळ आहेत. पण रातांधळेपणासोबत तोल जाणं, जुलाब, कमी ऐकू येणं, वास जाणं यांतलं काही असेल तर डॉक्टरांना न विसरता सांगा. डोळ्याचा आणि पायाच्या मुंग्यांचा काय संबंध, असं वाटून माणसं ते बोलतच नाहीत.

आणि तिसरी, नेहमीचा आरपी, ज्याच्यासाठी बहुतेक बाटल्या विकल्या जातात. त्याचं पुढे घटकाघटकानं सांगते.

त्याआधी एक नाजूक गोष्ट. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न सर्रास होतं. आमच्या आईवडिलांचं नातं तेच. नात्यातल्या लग्नात दोघांकडे एकच सदोष प्रत असण्याची शक्यता वाढते हे खरं. पण आईनं त्यावरून दोन वर्षं स्वतःला कोसलं, आणि ते बघणं डोळ्यांच्या आजाराइतकंच जड होतं. जनुक समुपदेशनाला आईवडिलांनाही सोबत न्या. तिथे कुणाला दोष देत नाहीत. कुणाला काय धोका आहे आणि पुढच्या पिढीसाठी काय करता येईल एवढंच सांगतात. आमच्या आईला त्या तासाभरानं जे मिळालं ते आम्ही कुणी देऊ शकलो नव्हतो.

दुसरी पायरी: बाटल्यांची बेरीज

घरातली प्रत्येक बाटली, स्ट्रिप, पावडर आणि काढा एका टेबलावर मांडा. 'केसांची' आणि 'सांध्यांची' म्हणून आणलेलीही. एका पानावर रकाने पाडा: ए, ई, बीटा कॅरोटीन, झिंक, ल्युटीन, माशाचं तेल. प्रत्येक बाटलीचा रोजचा डोस त्या रकान्यात लिहा आणि खाली बेरीज करा. बाटलीवर 'दोन गोळ्यांमध्ये' असं लिहिलेलं असतं, तेही बघा.

एककांत फसू नका. ए व्हिटॅमिन कुठे आययूमध्ये, म्हणजे आंतरराष्ट्रीय युनिटमध्ये, असतं, कुठे मायक्रोग्रॅममध्ये. रेटिनॉलचा १ मायक्रोग्रॅम म्हणजे साधारण ३.३ आययू. भारतातल्या शिफारशीप्रमाणे मोठ्या पुरुषाला दिवसाला १००० मायक्रोग्रॅम पुरतं, बाईला ८४०.

नाव वेगळं आणि माल तोच, असंही असतं. रेटिनिल पाल्मिटेट म्हणजे ए. टोकोफेरॉल म्हणजे ई. आणि केसांसाठी, त्वचेसाठी म्हणून घरोघरी असणारी हिरवी कॅप्सूल, तीही बहुधा ४०० ची ई असते. भावाच्या दोन बाटल्यांपैकी एक तीच होती, वहिनीच्या कपाटातून आलेली. ती चेहऱ्याला लावली तर या हिशेबात येत नाही, गिळली तर येते.

कॉड लिव्हर ऑइल आणि साधं माशाचं तेल यांत गोंधळ करू नका. पहिलं माशाच्या यकृतातून काढतात, त्यात ए व्हिटॅमिन असतं. दुसऱ्यात मुख्यतः ओमेगा-३. दुकानात दोन्ही शेजारी शेजारी, सारख्याच सोनेरी कॅप्सूलमध्ये असतात.

लेबलवर 'हेल्थ सप्लिमेंट' आणि 'नॉट फॉर मेडिसिनल यूज' असं छापलेलं आहे का बघा. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी परवाना क्रमांक असेल तर तो अन्नपदार्थ म्हणून विकला जातोय, औषध म्हणून नाही. औषधाला जो परिणाम सिद्ध करावा लागतो तो याला करावा लागत नाही. आणि 'अंधत्व बरं करतो' अशी जाहिरात आली तर हे लक्षात ठेवा: १९५४ चा औषधं आणि जादूई उपायांच्या जाहिरातींबद्दलचा कायदा ज्या आजारांवर इलाजाचे दावे करायला मनाई करतो, त्या यादीत अंधत्व आहे. अशा एका जाहिरातीतल्या माणसानं आमच्याकडून तीन महिन्यांच्या पुड्यांचे पैसे आगाऊ घेतले होते. पुड्यांवर घटकांचं नावसुद्धा नव्हतं. घटक न छापलेली कुठलीही वस्तू, मग ती कुणीही दिलेली असो, रुग्णाच्या तोंडात जाऊ देऊ नका.

घटकांची खरी स्थिती

व्हिटॅमिन ए. आरपीसाठीचा जगातला गाजलेला प्रयोग बोस्टनचा. हार्वर्डचे डॉ. एलियट बर्सन यांनी १९९३ मध्ये तो प्रसिद्ध केला. १८ ते ४९ वयाचे ६०१ रुग्ण, चार ते सहा वर्षं. रोज १५,००० आययू ए घेणाऱ्यांच्या रेटिनाचा विद्युत प्रतिसाद, म्हणजे ईआरजी, जरा सावकाश घसरला असं दिसलं. दृष्टिक्षेत्रात, म्हणजे कडेपर्यंत किती दिसतं त्यात, आणि नजरेच्या आकड्यात मात्र ठोस फरक दिसला नव्हता. तरीही पुढची कित्येक वर्षं अनेक डॉक्टर हा डोस देत राहिले. नंतर उपलब्ध सगळे प्रयोग एकत्र तपासणाऱ्या कोक्रेनच्या आढाव्यात फायद्याचा स्पष्ट पुरावा मिळाला नाही. २०२३ मध्ये बोस्टनच्याच रुग्णांची माहिती जनुकनिहाय आणि जास्त वर्षांची धरून पुन्हा तपासली, तेव्हाही ए मुळे आजार मंदावल्याचं दिसलं नाही. आणि हा डोस बिनधोक नाही. ए यकृतात साठतं, जास्त झालं तर यकृताला आणि हाडांना त्रास होतो, डोक्यातला दाब वाढू शकतो. गरोदरपणात रोज १०,००० आययूच्या वर गेलं तर गर्भात व्यंग येण्याचा धोका असतो. मूल हवं असणाऱ्या बाईनं तर हे आधीच डॉक्टरांशी बोलायला हवं. कुणाला डॉक्टरांनी ए लिहून दिलेलं असेल तर ते एकदम बंद करू नका, पण "२०२३ चं फेरविश्लेषण बघता चालू ठेवायचं का, आणि यकृताची तपासणी कधी करायची?" हा प्रश्न पुढच्या भेटीत नक्की विचारा.

व्हिटॅमिन ई. त्याच १९९३ च्या प्रयोगात रोज ४०० आययू ई घेणाऱ्यांचा ईआरजी उलट वेगानं घसरताना दिसला. तेव्हापासून नेहमीच्या आरपीत ई चे मोठे डोस टाळायला सांगतात. आता बाजारातल्या 'डोळ्यांच्या' गोळ्या बघा. त्यांतल्या बऱ्याच गोळ्यांचं सूत्र एआरईडीएस या अमेरिकन अभ्यासातून आलंय: व्हिटॅमिन सी ५०० मिलिग्रॅम, ई ४०० आययू, झिंक ८०, तांबं २, आणि आधी बीटा कॅरोटीन, २०१३ च्या दुसऱ्या अभ्यासानंतर त्याऐवजी ल्युटीन १० आणि झियाझँथिन २ मिलिग्रॅम. हे सूत्र उतारवयातल्या मॅक्युलाच्या, म्हणजे रेटिनाच्या मध्यभागाच्या, झिजेसाठी तपासलंय आणि तिथे ठरावीक टप्प्यातल्या रुग्णांना त्याचा उपयोग होतो. पण त्यातली ई बरोबर तीच, ४०० ची, जिच्याबद्दल आरपीत शंका आहे. "शेजारच्या आजोबांना डोळ्यांच्या डॉक्टरांनीच दिली, आपणही घेऊ" हे म्हणूनच धोक्याचं. शिवाय रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू असतील तर मोठ्या डोसच्या ई नं रक्तस्रावाचा धोका वाढतो.

बीटा कॅरोटीन. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यानं याची गोळी घेऊ नये. फिनलंडमध्ये २९ हजारांहून जास्त धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर केलेल्या प्रयोगात फुप्फुसाचा कॅन्सर घटण्याऐवजी १८ टक्क्यांनी वाढला होता. निकाल १९९४ चा आहे.

ल्युटीन. बर्सन यांच्याच २०१० च्या प्रयोगात, आधीपासून ए घेणाऱ्या आणि सिगारेट न ओढणाऱ्या प्रौढांत रोज १२ मिलिग्रॅम ल्युटीननं दृष्टिक्षेत्राच्या मधल्या कडेची झीज थोडी मंदावली. फायदा लहान आहे, पण त्रासही फारसा आढळलेला नाही. डॉक्टर बऱ्याचदा "घ्यायचं तर घ्या" म्हणतात ते हेच.

एनएसी, म्हणजे एन-ॲसिटिलसिस्टीन. सध्या सगळ्यांच्या तोंडी हेच नाव आहे, आणि आशा वाटावी असं खरंच त्यात काही आहे. छातीतला कफ सुटायला दिली जाणारी, पाण्यात टाकली की फसफसणारी गोळी ती हीच. पॅरासिटामॉलची विषबाधा झाली तर यकृत वाचवायलाही हेच देतात. कँपोकियारो यांच्या गटानं ३० आरपी रुग्णांना सहा महिने ६०० ते १८०० मिलिग्रॅमचे डोस दिवसातून दोन-तीनदा दिले. २०२० मध्ये आलेल्या निकालात नजर थोडी सुधारल्याचं दिसलं. पण त्यात तुलनेला बिनऔषधाच्या गोळीचा गट नव्हता, त्यामुळे ती सुधारणा गोळीचीच की आशेची, हे त्यावरून ठरत नाही. ते ठरवायला २०२३ मध्ये 'एनएसी अटॅक' नावाची मोठी चाचणी सुरू झाली: ४३८ रुग्ण, सकाळ-संध्याकाळ १८०० मिलिग्रॅम किंवा तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी, ४५ महिने. म्हणजे प्रत्येक रुग्णाची जवळपास चार वर्षं. तिचा निकाल हातात येईपर्यंत एनएसी हे आरपीचं सिद्ध औषध नाही.

गोळी मेडिकलमध्ये सहज मिळते, म्हणून मोह होतो. मला झाला होता. पण फसफसणाऱ्या गोळीत सोडियम असतं, दिवसाला सहा गोळ्या म्हणजे रक्तदाबवाल्याला ते महागात पडू शकतं. दम्याच्या रुग्णाला ती सांभाळून द्यावी लागते. छातीत दुखतं म्हणून नायट्रोग्लिसरिन चालू असेल तर दाब एकदम उतरू शकतो. मळमळ, जुलाब होऊ शकतात. काही डॉक्टर रुग्णाशी नीट बोलून, तपासण्या करून ती देतात. ती वाट मोकळी आहे. दुकानातून आणून स्वतः सुरू करण्याची वाट नको.

ताटातलं

गोळीबद्दल इतकं सावध बोलल्यावर जेवणाबद्दल मोकळेपणानं बोलता येतं, कारण वर सांगितलेले रेफसमसारखे पथ्याचे आजार सोडले तर इथे गमावण्यासारखं काही नाही. ल्युटीन पालक, मेथी, माठ, शेवग्याचा पाला यांत भरपूर. मक्यात आणि अंड्याच्या पिवळ्या बलकातही असतं. ते चरबीत विरघळतं, म्हणून पालेभाजीला तेलाची फोडणी हवीच, नुसती उकडून खाण्यात अर्थ नाही. कोकणात-गोव्यात बांगडा आणि तारली ही ओमेगा-३ ची स्वस्त आणि उत्तम सोय, आठवड्यातून दोनदा. शाकाहारी घरात जवसाची चटणी. जवसातल्या ओमेगा-३ चं डोळ्याला लागणाऱ्या डीएचएमध्ये रूपांतर थोडंच होतं, पण चटणी म्हणून ती रोज पानात असावी. आणि सिगारेट-बिडी बंद. अँटिऑक्सिडंट गिळून वर धूर ओढणं म्हणजे एका हातानं पाणी ओतत दुसऱ्या हातानं सरपण सारणं.

डॉक्टरांकडे जाताना

बेरजेचा कागद सोबत. चालू असलेली सगळी औषधं सोबत, मुरमांची आणि खासगी म्हणून न सांगितलेलीही. मुरमांवरचं आयसोट्रेटिनोइन रात्रीची नजर कमी करू शकतं आणि सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, आरपीच्या रुग्णानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचं नसतं. भस्म, रसायनं चालू असतील तर तेही सांगा, रागावले तरी चालेल.

मग विचारा: माझ्या जनुकाला ए चालतं का? ई बंद करू का? रेटिनात सूज आहे का? हा शेवटचा प्रश्न कुठल्याही गोळीपेक्षा मोलाचा. आरपीमध्ये मॅक्युलाला सूज येऊ शकते, ओसीटी या रेटिनाच्या थरांचं चित्र काढणाऱ्या तपासणीत ती दिसते, आणि तिच्यावर थेंब किंवा गोळ्यांचा उपचार आहे. मोतीबिंदूही लवकर येतो आणि तो काढता येतो. भावाला वर्षभर जी 'आजार वाढल्याची' धूसरता वाटत होती, तिच्यातला बराच भाग सूज होता. सात बाटल्यांच्या नादात ओसीटी लांबला होता. आणि जनुक आरपीई६५ निघालं तर त्यासाठीच्या जनुकोपचाराला अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्येच मंजुरी मिळालीय, तेव्हा त्याबद्दलही विचारा.

डॉक्टर म्हणाले घ्या, तर एका वेळी एकच गोष्ट सुरू करा. वहीत तारीख, नाव, डोस, कंपनी. पोट, डोकेदुखी, झोप यांत बदल झाला तर तोही लिहा. 'आज छान दिसलं' यावर फार विसंबू नका, आरपीत दिवसादिवसाला नजर तशीही वरखाली वाटते. ओसीटी, दृष्टिक्षेत्र आणि ईआरजी यांचे जुने-नवे अहवाल शेजारी ठेवले की खरं चित्र कळतं, म्हणून मूळ प्रती सांभाळा.

बाटल्या ओळखायच्या कशा

हे कुणी सांगत नाही आणि रोज लागतं. नजर कमी असलेल्या माणसाला सारख्याच पांढऱ्या बाटल्या सारख्याच लागतात आणि डोस दोनदा घेतला जातो. आम्ही रबरबँड लावतो. सकाळच्या बाटलीला एक, रात्रीच्या बाटलीला दोन. आठवड्यातून एकदा घ्यायची असेल तिच्या झाकणावर जाड सेलोटेपचा तुकडा, बोटाला लागेल असा. गोळी घेतली की बाटली ट्रेच्या डावीकडून उजवीकडे सरकवायची. रात्री झोपताना आई सगळ्या परत डावीकडे आणते. नवी बाटली आली की आधी रबरबँड, मग झाकण.

फ्रिजवरच्या ट्रेमध्ये आता दोनच बाटल्या आहेत. एक ल्युटीनची, डॉक्टरांच्या चिठ्ठीतली. दुसरी डी व्हिटॅमिनची, जिचा डोळ्यांशी संबंध नाही, रक्ततपासणीत कमी आलं म्हणून. तिच्या झाकणावर सेलोटेप आहे, दर रविवारी भाऊ बोटानं चाचपून ती स्वतः उघडतो.